नाथाची कॅसेट आणि अर्धा सूर

गाणाऱ्याची पहिली कॅसेट हीच त्याची खरी कॅसेट, असं माझं ठाम मत आहे. दुसरीपासून कंपनीवाले त्याला शहाणं करतात. म्हणून माझ्या दुकानातल्या एका कपाटात फक्त पहिल्या कॅसेटी आहेत. बँड पार्ट्यांच्या, भारुडवाल्यांच्या, ओव्या गाणाऱ्या बायकांच्या. गेल्या महिन्यात त्यांतल्या माझ्या आवडत्यांबद्दल इथे लिहिलं होतं आणि सगळ्यात वर ठेवली होती राजुरीच्या पार्टीची पिवळ्या कव्हरची कॅसेट. गायक नाथा. त्याची पहिली आणि शेवटची. कॅसेट बाजारात यायच्या आधीच, भीमाशंकरचा शिवरात्रीचा कार्यक्रम करून परतताना जीप दरीत गेली. आपला आवाज त्याने कॅसेटवर कधी ऐकलाच नाही.

त्या लेखाखाली घोडेगावच्या एका वाचकाने लिहिलं, "नाथा माझे दाजी. माझी बहीण ती कॅसेट ऐकत नाही. हा त्यांचा आवाजच नाही म्हणते. घरात सगळे तिला हसतात."

मी हसलो नाही. मला स्वतःलाच त्या कॅसेटबद्दल शंका होती. पार्टीत गाणारा पुरुष काळी दोन पट्टीत गातो, ही कॅसेट मात्र पांढरी तीनमध्ये वाजते. म्हणजे अर्धा सूर वर. पण अर्ध्या सुराने कोवळा पोरगा आणि बाप्या माणूस वेगळे होतात. मी दहावीपर्यंत शिकलो. रेडिओ-टेपची दुरुस्ती कुणी शिकवली नाही आणि कॉम्प्युटरही डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलो. माझ्याकडची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली, वेग कमी करून पेटी बरोबर काळी दोनवर आणली आणि सीडी तयार केली. पण असं झालं कशामुळे, ते कळल्याशिवाय ती कुणाच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून राजुरीला जायला पुण्यातून गाडीला किक मारली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, चाकण उजाडायच्या आत ओलांडा. खेडचा घाट उतरला की रस्ता बरा आहे. नारायणगावात मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढचा प्रवास पोट धरून होईल. तिथून मी मुद्दाम खोडदच्या आडरस्त्याने गेलो. कांद्याच्या वावरांमागे रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. तास दोन तास बघत बसावं अशी जागा आहे. त्या दिवशी मी थांबलो नाही.

राजुरीत नाथाचा ढोलकीवाला सोपान भेटला. आता तो ट्रॅक्टर चालवतो. ढोलकी माळ्यावर आहे, पण विषय काढल्याबरोबर बोटं मांडीवर वाजायला लागली.

"सोसायटीच्या खताच्या गोदामात रेकॉर्डिंग केलं राव. युरियाच्या गोण्या चारी बाजूंनी रचलेल्या. आवाज घुमत नाय, पर डोळ्याला ह्ये पानी!"

"लाइट होती का?"

"कुठली लाइट! जनरेटर आनला व्हता मांडववाल्याचा. त्येचा धडधडाट माईकात शिरायचा. पुन्याचा रेकॉर्डिंगवाला लागला बोंबलायला. मंग आमी डोकं लढवलं. गोधड्या टाकल्या त्येच्या अंगावर आन् जनरेटर केला बारीक. बल्ब पार केशरी झाला, पर आवाज कसा चिडीचूप!"

"आणि मशीन? स्पूलचं?"

"मोठ्या चकत्यांचं. तुमाला कसं ठावं?"

मी कपाळाला हात लावला. स्पूलच्या त्या मशीनची मोटर विजेच्या चालीवर फिरते. जनरेटर हळू केला, तशी मोटर हळू झाली आणि फीत हळू सरकली. तीच फीत पुढे कंपनीत सरळ विजेवर वाजली, तर पळणारच आणि सूर चढणारच. आवाज चिडीचूप करायच्या नादात या शहाण्यांनी नाथाचा गळाच बदलून टाकला होता.

सोपानला हे समजावून सांगितलं, नाथाची बायको काय म्हणते तेही सांगितलं. त्याची मांडीवरची बोटं थांबली. मग म्हणाला, "म्हंजी वयनी खरं बोलत व्हती? आमी तिला येडी म्हनायचो, पावणं. तोंडावर म्हनायचो." चहा निवून गेला. त्याने तो प्यायला नाही.

त्या रात्री मंचरला लॉजवर राहिलो. लॉज साधा, उशा घरच्या नेल्या तर उत्तम. सकाळी घोडेगाववरून पुढे डिंभ्याच्या दिशेला निघालो. सोमवारी हा रस्ता टाळा, भीमाशंकरच्या गाड्यांची रीघ असते. घोडेगाव मागे पडलं की खड्डे सुरू होतात. जीप गेली ते वळण त्या वाचकाने, म्हणजे नाथाच्या बायकोच्या, सिंधूवहिनींच्या भावाने लिहून कळवलं होतं. तिथे आता कठडा आहे.

नाथाच्या घरी वहिनी होत्या आणि बापाच्या मागे जन्मलेली त्यांची मुलगी कोमल. सातवीत आहे. दुपारपर्यंत भारनियमन. तोवर कोमलने सेल टाकून टेपवर तीच पिवळी कॅसेट लावली आणि बरोबरीने गायला लागली. एकही जागा सुटत नव्हती. श्वाससुद्धा नाथा घेतो तिथेच घेत होती.

"शाळेच्या ग्यादरिंगला म्हनते मी," ती म्हणाली. "बाई म्हनत्यात, पप्पांचा गळा घेतलाय."

वहिनी चुलीशी पाठ करून बसल्या होत्या. कॅसेट संपेपर्यंत वळल्या नाहीत.

लाइट आली. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये मी सीडी घातली. पडद्यावर नुसता निळा उजेड. पेटी वाजली, ढोलकी पडली आणि नाथा उठला. जड, रुंद, थोडा घोगरा.

वहिनींनी हात पदराला पुसले आणि त्या निळ्या पडद्यासमोर येऊन बसल्या. पहिलं कडवं संपेतो डोळ्याची पापणी हलली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "असंच बोलायचं. सकाळी उठल्या उठल्या पानी मागायचं ना, अगदी असंच."

"हे कोण हाय?" कोमलने विचारलं.

"तुजा बाप."

"नाय."

"आगं, काका सांगत्यात ना, मशीन बिघडलं व्हतं म्हून..."

"माझ्या पप्पांचा आवाज असा नाय! हा कोन बाबा हाय जाडा?"

मी तिला मोटर, फीत, जनरेटर सगळं समजावलं. एकेक शब्द बरोबर होता. तिने मला पुरतं बोलू दिलं, टेप उचलला आणि ती गोठ्याकडे निघून गेली. थोड्या वेळाने तिकडून कॅसेट सुरू झाली, पूर्ण आवाजात, तेच गाणं. आत सीडीवरही तेच.

पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून बघा. तसे दोन नाथा एकमेकांना कापत होते. बाहेरचा पुढे पळत होता, घरातला मागे पडत होता. मी उठून सीडी बंद करायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," वहिनी म्हणाल्या. "मला बारा वर्सांनी घावलाय." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "पर तिचा तर आज गेला वो. तिला काय सांगू मी?"

मी पिशवी उचलली. जेवायला थांबा म्हणाल्या, थांबलो नाही. निघताना कोमलला हाक मारली. गोठ्यातून ओ आली नाही.

पुण्यात परत आलो तेव्हा कपाटाशी उभा राहिलो. मी इतकी वर्षं जिच्यावर जीव टाकला ती पळणारी कॅसेट. दुरुस्त केलेली सीडी मी पुन्हा लावलेली नाही. ती बरोबर आहे, आणि मला आवडत नाही. माझ्या यादीत सगळ्यात वर आता काय ठेवायचं, मला सांगता येत नाही.

परवा मामाच्या मोबाइलवरून कोमलचा फोन आला. आवाज कोरडा. "काका, माजी कॅसेट मधीच खरखरती. तुमच्याकडं पयली हाय ना, तशी? तिची शीडी करून द्या."

"बाळा, पण तिचा वेग..."

"मला तीच पायजे. आय नसली की लावंन."

आज ती सीडी केली. वेगाला हात लावला नाही. सवयीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून तपासली. माझ्या प्रत्येक सीडीच्या कव्हरवर मी गायक, साल आणि पट्टी लिहितो, अपवाद नाही. गायक लिहिला, साल लिहिलं. पट्टीची जागा कोरी ठेवून पाकीट चिकटवलं.