सिरियसली सांगतो
मिरची भजी तळल्याचा वास आला की मला केशवापुरातलं ते दुकान आठवतं. तिथल्या धुरानं शेजारच्या आंब्यालाही खोकला लागला होता. माझ्या थापा ऐकायला तिथे अर्धा तालुका जमायचा आणि प्रत्येक थापेची सुरुवात ठरलेली असायची, "सिरियसली सांगतो, गोकुळ रोडवर म्हैस बसमध्ये चढली आणि तिनं खिडकीची जागा मागितली!" एका संध्याकाळी मात्र चुरमुऱ्यांचं गिरमिट खाता खाता ऑफिसातल्या मैत्रिणीला मी धीर करून म्हटलं, "सिरियसली सांगतो, मला तुझ्याशी लग्न करायचंय." हसून हसून तिला ठसका लागला. "मग वरातीला ती म्हैस येणार का रे?" सगळं बाकडं खिदळलं. दुकानदार अण्णा झारा उगारून ओरडले, "अहो, तेवढा शब्द सोडा की! नुसतं विचारा!" तो शब्द गिळून मी पुन्हा विचारलं, तर आवाज उंदराच्या पिल्लासारखा निघाला. तिचं हसू थांबलं. "हां, आता खरं वाटलं. माझ्या अप्पांना विचारतानाही अस्साच घाबर." अप्पांसमोर घाबरायला मला मुद्दाम काही करावं लागलं नाही; त्यांचा जावई होऊन इतकी वर्षं झाली, अजूनही लागत नाही.