पिंडीपुढची बेलाची चकती
आज शेजारच्या थाई बाईंच्या खिडकीतून बेलफळ भाजल्याचा गोडसर, धुरकट वास आला आणि इथे परदेशात, इल्फर्डच्या ह्याच घरातली ती दुपार आठवली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, हीटिंग लावूनही ह्यांचे पाय गार होते. आजारपणात ह्यांच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. मी कुणाशी फारसं बोलत नाही, पण त्या बाईंना कळलं आणि त्या वाळवलेल्या बेलाच्या चकत्या घेऊन आल्या. आमच्याच गॅसवर त्यांनी त्या भाजल्या, उकळल्या. ह्यांनी मान फिरवली. "अगं, महादेवाचं फळ कुणी जाळतं का? मी नाही घेणार." बाईंना शब्द कळले नाहीत, पण ह्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेलेली त्यांनी पाहिली. एक न भाजलेली चकती त्यांनी पिंडीपुढे ठेवली, हात जोडले आणि काढ्याचा कप माझ्याकडे दिला. "आता प्रसाद झाला, घ्या ना," मी म्हटलं. "तुम्ही दोघी एक झालात," असं पुटपुटत ते प्यायले, आणि ते पोटात राहिलं. पुढे महिनाभर रोज घेत होते, शेवटच्या दिवसापर्यंत. बाकीच्या चकत्या तेव्हाच संपल्या. पिंडीपुढची ती मात्र अजून तिथेच आहे. मला उचलवत नाही.