आत्याबाईंनी गहू पकडला

"होतं असं कधी कधी" हे वाक्य आत्याबाईंना बिलकुल चालत नसे. लोणच्याला बुरशी आली, म्हैस दुधाला कमी झाली, काहीही बिघडलं तरी त्याला कारण असणारच, आणि ते सापडेपर्यंत त्या स्वतः स्वस्थ बसत नसत, आम्हालाही बसू देत नसत. म्हशीच्या वेळी शेजारपाजारचे म्हणाले, पेंड बदला, पाणी बदला, गोठा बदला. आत्याबाईंनी आधी फक्त पेंड बदलली आणि वाट बघत राहिल्या. "येका टायमाला येकच खुंटी उपसायची. दोन उपसल्यावर तंबू कोणत्या खुंटीनं पडला ते कसं कळंल?" असं त्यांचं म्हणणं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. मी सेलूची, लग्न होऊन बोरीला आले, आणि संसार अंगवळणी पडेपर्यंत माझं पोट बिघडलं ते बिघडलंच. जुलाब, पोट फुगणं, सारखं तोंड येणं, हंडाभर पाणी आणलं की धाप. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या झाल्या, सलाईन झालं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. गावाने निदान केलं, सुनेचं नांदण्यात मन नाही. माझी आई मला कायमचं घेऊन जायच्या गोष्टी करू लागली. खरं सांगते, त्या दिवसांत मला वाटायचं, आपण काही यातून उठत नाही.

आमच्या घरात रोजची ज्वारीची भाकरी. पोळी पाहुण्याला, नाहीतर आजाऱ्याला. आजाऱ्याला भाकरी जड जाते, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. तेव्हा मी जसजशी खंगत गेले, तसतशी माझी पोळी मऊ होत गेली. आत्याबाई स्वतः तूप लावून, घडी घालून ताटात वाढायच्या. सकाळी रव्याची खीर, संध्याकाळी दूध-पोळी. "खा पोरी, अंगाला लागंल," म्हणत समोर बसून खायला लावायच्या. माहेरी गेले तर तिथे लेकीचे लाड म्हणून पुन्हा पोळ्याच. तिथून मी आणखी सुकून परत यायचे.

नवरात्र आलं. मी उपवास धरते म्हटल्यावर आत्याबाई कडाडल्या, "अंगात हाय का काही, उपास धरायलीस ते?" पण मी हट्टाने धरला. घरातले बाकीचे उपवासाने मलूल झाले आणि मी भगर, शेंगदाण्याची आमटी खाऊन चालती-फिरती झाले. पोट शांत. दसऱ्याला मी नव्या लुगड्यात उभी राहिले तेव्हा बायका म्हणाल्या, देवी पावली. आत्याबाईंनी देवीपुढे डोकं टेकवलं आणि उठता उठता म्हणाल्या, "देवीनं तर केलंच. पण तिनं काय काय बंद केलं होतं, ते बघावं लागंल."

मग खुंट्या एकेक रोवायला सुरुवात झाली. आधी नुसती भाकरी चालू. काही झालं नाही. मग तुरीचं वरण, मग दूध. शेवटी पोळी. पोळीनंतर माझं पोट असं काही फिरलं की आत्याबाई परसात माझी पाठ चोळत उभ्या राहिल्या आणि एकच शब्द म्हणाल्या, "घावला."

त्या दिवसापासून माझी पोळी बंद झाली. मी सुधारले. पुढच्या उन्हाळ्यात, एकदा शिक्का बसू दे म्हणून त्यांनी मला परभणीला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, तर काहीच निघालं नाही! आत्याबाईंचा चेहरा पडलेला मी तेवढा एकदाच पाहिला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गहू सोडून महिने झालेत ना? मग रक्तात खूण कशी राहील? तपासणीच्या आधी बंद करायला नको होता. आता खात्री हवी असेल तर काही आठवडे पुन्हा खावा लागेल."

आमच्या ह्यांनी घरी स्पष्ट सांगितलं, बरी आहे ना, मग राहू द्या की. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई. दुसरंच काही असलं तर? अन् गहूच असला तर जन्माची बंदी हाय तिला. पक्कं कळल्याबिगर मी ती घालणार न्हाई." आणि मला विचारलं, "तुझी तयारी हाय का?" मी हो म्हटलं. माझं पोट पुन्हा बिघडत असताना रोज त्याच पोळी लाटायच्या आणि समोर बसायच्या. पदर डोळ्यांना लागायचा, पण ताटातली पोळी कमी झाली नाही. या वेळी रक्तात खूण निघाली, नळी घालून आतडंही पाहिलं. गव्हाचाच आजार. डॉक्टरांनी सांगितलं, कायमचा बंद, चिमूटभरसुद्धा नाही.

चिमूटभर हा शब्द आत्याबाईंनी गाठीला बांधला. गिरणीवाला म्हणाला, "आत्या, आधी गहू दळले होते, ज्वारीत जरासं मिसळलं तर काय व्हतंय?" त्या म्हणाल्या, "तुझी चिमूट, अन् तिचा म्हयना." तिथून त्या थेट सेलूला गेल्या आणि घरघंटी घेऊन आल्या. शेजारीण गहू घेऊन दळायला आली, तिला दारातूनच वाटेला लावलं. ती पुढे बरेच दिवस बोलत नव्हती. हिंगात गव्हाचं पीठ असतं कळल्यावर डबी उकिरड्यावर गेली. लग्नात कुणी आग्रहाने माझ्या ताटात पोळी टाकली की त्या ताटच उचलून देत आणि माझ्यासाठी पदराखालून भाकरी काढत. मानपानाची फिकीर नव्हती त्यांना. मी भरले, उभी राहिले, पुढे मला लेक झाली. हे सगळं त्यांचं देणं आहे, आणि तसं मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही, कारण त्यांनी ते ऐकूनच घेतलं नसतं.

मागच्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, घास गिळवेना. त्या गेल्या त्या आठवड्यातली गोष्ट. नणंद आली होती. तिने आपल्या घरून आणलेली पोळी दुधात कुस्करली आणि वाटी माझ्या हातात दिली. मी घास बोटांनी उचलून त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आई, खा की. लय मऊ हाय," नणंद म्हणाली.

आत्याबाई माझ्या बोटांकडे बघत होत्या. बराच वेळ ओठ हलवून त्या कशाबशा बोलल्या, "तिच्या... हाताला... लागायलंय."

हात धुतले की काही होत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. पण ते त्यांना कधी पटलं नव्हतं. मला रडू आवरेना. मी वाटी खाली ठेवली, हात स्वच्छ धुतले आणि ज्वारीच्या कण्या शिजवून दुधात कालवून आणल्या. तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.