दादाच्या पुलावर मी दिलेला शेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही: दादाच्या पुलाचा हिशेब मी कधी तपासलाच नव्हता. तपासायला बसलो असतो तरी मला तो आला नसता, हे त्याहून खरं.

मी कुपवाडच्या एका फौंड्रीत इंजिनिअर आहे. साताऱ्यात डिप्लोमा केला. मेकॅनिक्सचा पेपर तिसऱ्या खेपेला सुटला, तोही ग्रेसच्या मार्कांवर. नोकरीत त्या विषयाची कधी गरज पडली नाही. गरज पडली ती शब्दांची. आमच्या मीटिंगमध्ये कुठलीही योजना 'होणार नाही' असं कुणी म्हणत नाही. ते अडाणीपणाचं दिसतं. न होणारी योजना मालकांची असेल तर ती 'अॅम्बिशस'. गिऱ्हाइकाची असेल तर 'चॅलेंजिंग'. पैसे देऊन आणलेल्या सल्लागाराची असेल तर 'अहेड ऑफ इट्स टाइम', आणि त्याला जेवायला घालून परत पाठवायचं. भट्टीवरच्या माणसाची असेल तर मात्र सरळ 'नॉट फिजिबल'. योजना तीच असली तरी चालते, कोण बोललं त्यावर शब्द ठरतो.

ही विद्या मला फार लवकर आली. मराठीत नाही म्हटलं की समोरचा विचारतो, "का?" इंग्रजीत म्हटलं की तो मान हलवतो. एवढ्या एका सोयीवर माझ्या दोन बढत्या झाल्या.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो फौजेत इंजिनिअर रेजिमेंटला होता. म्हणजे त्यानं डोंगरात, बर्फात खरेखुरे पूल बांधले होते, आणि इंजिनिअर म्हणून मान मला मिळत होता. हवालदार होऊन तो निवृत्त झाला आणि शिराळ्याकडच्या आमच्या वस्तीवर राहायला आला. वस्ती आणि गाव यांच्यामध्ये ओढा आहे. पावसाळ्यात तो भरला की शाळा, दवाखाना, दूध डेअरी, सगळ्याला तीन मैलांचा वळसा, तोही बांधावरच्या चिखलातून. दादानं तो वळसा एक पावसाळा घातला आणि पुलाच्या आराखड्याची वही केली.

ऐंशी फुटांचा झुलता पूल, माणसांपुरता. चार वायररोप, दोन्ही काठांना काँक्रीटचे खांब, वर फळ्या. कुठल्या घरातून कोण किती दिवस राबणार याची यादी. भाराच्या पानावर लिहिलं होतं: एका वेळी दहा माणसं, दोन शेळ्या, दुधाच्या चार किटल्या. खाली वेगळ्या ओळीत: 'आई (काठीसकट)'.

ग्रामसभेत सगळ्यांना पटलं. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "फौजी, समदं बराबर हाय. पर तुजा भाऊ विंजनेर हाय न्हवं? त्येनं एकदा व्हय म्हणू दे." दादा उलट खूश झाला. वही पिशवीत घालून एसटीनं सांगलीला आला.

"तू बग," म्हणाला. "चुकलं आसंल तितं लाल पेनानं कर. आमचा सायेब तसंच करायचा."

तो गेल्यावर मी वही उघडली. तिसऱ्या पानावर दोराचा झोळ आणि त्यामुळं दोरावर येणारा ताण यांचं गणित होतं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. 'कळलं नाही' म्हणायला दोनच शब्द लागतात. मी महिनाभर वही कपाटात ठेवली. मग पुढच्या ग्रामसभेला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि उभा राहून म्हणालो, "आयडिया चांगली आहे. पण टेक्निकली फिजिबल नाही. प्रॅक्टिकल अँगलनंही व्हायेबल वाटत नाही."

दादा म्हणाला, "म्हंजी, पडंल?"

"तसं नाही."

"मग उभा ऱ्हाईल?"

"तसंही नाही, दादा. फिजिबल नाही."

"बरं," म्हणून तो खाली बसला. फौजेत वरचा बोलला की विषय संपतो. मी वरचा कधी झालो, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

पूल झाला नाही, पण गावानं माझा शब्द जपून वापरला. बैल विकायला आला की "फिजिबल हाय का रं?" जावयानं अंगठी मागितली की "न्हाई गड्या, फिजिबल न्हाई." आणि दादाचं नावच पडलं, 'फिजिबल फौजी'. तो हसायचा. एकदा पारावर कुणी त्याला तशी हाक मारली तेव्हा मीही हसलो, त्याच्या शेजारी बसून.

असे सहा पावसाळे गेले. मधल्या एका पावसाळ्यात आईचा गुडघा सुजला, आणि दादानं तिला पाठीवर घेऊन सगळा वळसा चालत घातला. आईनंच मला फोनवर सांगितलं, "पाठीवर बसून म्हणलं, आरं, मी तरी फिजिबल हाय का बग, न्हाईतर ठेव खाली." तिला हसून हसून खोकला आला. मी म्हणालो, "काळजी घे." आम्हा शिकलेल्यांना असं काहीतरी बरोबर सुचतं.

कुणी बुडालं नाही, कुणी मेलं नाही. माझ्या बाजूनं सांगण्यासारखी एवढी एकच गोष्ट, आणि तीही दादाच्या पाठीच्या जोरावर.

गेल्या महिन्यात दादा भुईमुगाच्या शेंगा घेऊन सांगलीला आला. चहा पिता पिता म्हणाला, "नव्या सरपंचबाई म्हणत्यात, पुलाचं परत काडू या. भायेरचा इंजिनेर आणतो म्हणाल्या. मी म्हणलं, कशाला, भाऊ हाय की. ती वही हाय का रं? टाकली आसशील तर ऱ्हाऊ दे."

"आहे."

"मग बग की परत. तवा न्हवतं जमत. आता नवीन काय काय निघालं आसंल, त्यात बसंल."

सहा वर्षं तो समजत होता की चूक त्याच्या पुलात आहे.

रविवारी मी माळ्यावरून डिप्लोमाचं पुस्तक काढलं. त्या धड्याची पानं अजून कोरी करकरीत होती. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा, दुपारी चारच्या सुमारास, उत्तर आलं आणि ते दादाच्या आकड्याशी जुळलं. वर त्यानं दोर लागेल त्याच्या सहापट ताकदीचा धरला होता. मी शेजारी लाल पेन घेऊन बसलो होतो. त्याला काही काम निघालं नाही.

आणि तरीही पहिल्यांदा सुचले ते शब्दच. 'रिव्हाइज्ड डिझाइन'. 'सुधारित मटेरियल'. 'आता फिजिबल'. दादानं स्वतःच मला वाट काढून दिली आहे: नवीन काहीतरी निघालं, म्हणून जमलं. मी एवढंच म्हणालो तर गाव टाळ्या वाजवेल, नारळ माझ्या हातानं फोडून घेईल, आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या दादाच्या असतील. अशी योजना फौंड्रीत कुणी मांडली असती तर मी तिला 'एक्सलंट' म्हटलं असतं.

ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे. वही टेबलावर आहे, आणि बायको दोनदा विचारून गेली की एवढं काय वाचताय.

दादा, तुझा पूल तेव्हाही उभा राहिला असता. हिशेब मला येत नव्हता. एवढं वाक्य मी त्याला देणं लागतो, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, मराठीत. इथं लिहिलं म्हणून ते फिटलेलं नाही.