स्वयंपाकघरातला भोंगा

परवा लेकीनं घरातल्या कॉम्प्युटरला जास्तीची मेमरी बसवायची ठरवली आणि दुकानातून हात हलवत परत आली. दुकानदार म्हणाला होता, आधी मशीनच्या मागचा नंबर पाहून या, कुठलाही तुकडा कुठेही बसत नाही. ती चिडली होती आणि मी हसत होते. यंत्राची पाठ न बघता त्याच्यासाठी वस्तू आणायला जाणं, हा आमच्या घराण्याचाच गुण. साठ सालाच्या आसपास अकोल्याच्या एका दुकानात मीही अशीच अडखळले होते.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. सासरे वकील. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. बैठकीत त्यांच्या खुर्चीशेजारी उंच टेबलावर व्हॉल्व्हचा लाकडी रेडिओ होता. लावला की मिनिटभर तापायचा, मग बोलायचा. त्याची बटणं फक्त मामाजी फिरवत. संध्याकाळी त्यांचे तीन-चार स्नेही येऊन बसत, आणि बैठकीत पुरुषमाणसं असली की आम्ही बायका आत. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून तर तो मोडता येत नव्हता. सासूबाईंनी त्या घरात तीस-पस्तीस वर्षं काढली, पण बैठकीतल्या खुर्चीवर त्या एकदाही टेकल्या नव्हत्या. रेडिओ आम्हाला भिंतीतून ऐकू यायचा. म्हणजे आवाज यायचा, शब्द नाही.

मग नणंदेचं पत्र आलं. तिला अकोल्यालाच दिलेली होती. गळा गोड. जात्यावरच्या ओव्या म्हणायला तिला रेडिओवर बोलावलं होतं, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, संध्याकाळच्या गावकऱ्यांच्या कार्यक्रमात. मामाजींनी पत्र वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. उत्तर काही लिहिलं नाही. वकिलाच्या पोरीनं चारचौघांत गावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता सासूबाई मला म्हणाल्या, "ओव्या माह्या हायेत. मीनंच शिकवल्या तिले. पन मले आयकू येईन का वं भिंतीतून?"

मला त्यांचा कळवळा आला आणि रागही आला. मामाजींचा, त्या भिंतीचा, आणि थोडा सासूबाईंचाही, की 'मी बाहेर येऊन बसते' एवढं काही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. पण मी इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. भांडण्यापेक्षा तार ओढणं मला सोपं वाटलं. रेडिओला जास्तीचा स्पीकर जोडता येतो हे मला ठाऊक होतं. नवऱ्याकरवी मामाजींना विचारलं. "लावा. सेट बिघडला तं मंग पाहा," एवढंच ते म्हणाले.

दिवाळीत बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेले. भाऊबिजेची ओवाळणी मिळाली तशी मी रेडिओच्या दुकानात हजर. दुकानदारानं लहान, मधला आणि मोठा असे तीन भोंगे पुढे मांडले. मी मोठ्याला हात घातला.

"सेटच्या मांगं किती ओहम लिवलं हाये?" त्यानं विचारलं.

"पाहिलं नाही."

"मंग कसा देऊ बाई? मोठा हाये म्हनून चांगला, असं नसते. सेटले झेपला पाह्यजे. लगन जुळवताना पाह्यता न दोनी घरं, तसंच हे."

माहेरी परत येऊन नवऱ्याला कार्ड टाकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'मागे दोन भोके आहेत. त्याखाली काही लिहिले आहे, पण त्यावर कुंकू आहे.'

मी कपाळावर हात मारला. दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. हत्यारं म्हणजे मामाजींची कायद्याची पुस्तकं, विळा, शिवणयंत्र आणि अलीकडे रेडिओ. वर्षातून त्या एका दिवशी सासूबाईंना रेडिओला हात लावायला मिळे, आणि तो त्या मनसोक्त लावत. तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं पुढे, तशीच मागे. मागे कशाला, असं मी एकदा विचारलंही होतं. "काहून?" त्या म्हणाल्या, "काम तं सारं मांगंच चालते. अन् कुंकू फक्त तोंडाले?"

आता अंदाजानंच घ्यायचा होता. असल्या सेटला बहुतेक तीन ओहमचा लागतो, असं दुकानदार म्हणाला. मी मुकाट्यानं मधला भोंगा घेतला आणि मांडीवर धरून अमरावतीला आणला.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मी पेचकस घेऊन बैठकीत शिरले. डोक्यावर पदर होता. मामाजी वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ते जरा वर धरलं. रेडिओची वीज काढून मी आणि नवऱ्यानं तो फिरवला. भोकांत कुंकू, तेल आणि अक्षता अशा काही घट्ट बसल्या होत्या की पिन आत जाईना. सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. "माह्याच हातानं बुजवलं वं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून माझ्याकडे दिला. त्यानंच मी भोकं कोरली आणि खालची अक्षरं रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. तीनच ओहम निघाले. माझा जीव भांड्यात पडला.

दाराच्या चौकटीवरून तार स्वयंपाकघरात नेली आणि भोंगा फडताळात ठेवला. रेडिओ लावला, तापला, आणि तांदळाच्या डब्याशेजारून एक माणूस बोलू लागला. शब्द न् शब्द कळत होता. सेटच्या पाठीशी एक लहान खटका होता, तो मी नवऱ्याला मोठ्यानं समजावला: वर असला की दोन्हीकडे आवाज, खाली केला की बैठक बंद आणि फक्त आत. वर्तमानपत्र हललं नाही.

पण तार आमची असली तरी बटण मामाजींचं होतं. पोरीचं गाणं लागताच त्यांनी रेडिओ बंद केला, तर आत काय वाजणार होतं? मी हे सासूबाईंना बोलून दाखवलं. त्यांच्या मनात ते आधीच येऊन गेलं होतं. "तं मंग नाई आयकनार," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी स्नेही जमले, बैठकीत चहा गेला. मामाजींनी रोजच्यासारखा कापसाच्या भावांसाठी रेडिओ लावला. आत सासूबाई परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या, पण मळत नव्हत्या. भाव संपले. मग रेडिओवरच्या बाईनं नणंदेचं नाव घेतलं. बैठकीतलं बोलणं थांबलं. भिंतीपलीकडून खट् असा आवाज आला आणि बैठकीतला रेडिओ गप्प झाला.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मला इतका संताप आला की काय करू आणि काय नको. आणि फडताळातून नणंद गाऊ लागली.

"बापाच्या ओसरीत पाहुण्यांची दाटी,
माय माही चुलीपाठी, दिसेना मले."

रेडिओ बंद झालाच नव्हता. मामाजींनी मागचा खटका तेवढा खाली केला होता. पोरीचं गाणं चौघांत ऐकवत नव्हतं आणि बायकोचं ऐकणं तोडवत नव्हतं, म्हणून वकिलानं ही वाट काढली, असं मी मनाशी म्हणतेय तोच ते स्वतः स्वयंपाकघराच्या दारात. हातात पेला.

"पानी दे," ते सासूबाईंना म्हणाले.

त्यांच्या खुर्चीशेजारचा तांब्या मीच काठोकाठ भरून ठेवला होता. तरी मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत, पेला घेऊन उंबऱ्यातच उभे राहिले. पुढची ओवी सुरू झाली. सासूबाईंनी पिठाच्या हातानंच पाट सरकवला.

"उभे काहून? बसा."

जेवणाची वेळ नसताना मामाजी त्या घरात पाटावर बसले, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "ते मंघाची, चुलीपाठची, ते पोरीनं जोडली?"

"मीनं. लगन होऊन आली त्या साली."

"मले कदी आयकू नाई आली."

"कशी येईन? तुमी बैठकीत."

मामाजींनी भरलेला पेला तसाच पाटाशेजारी ठेवला. मला त्या क्षणी त्यांचीच दया आली, सासूबाईंची नव्हे. बाहेर स्नेह्यांची चुळबुळ चालली होती. शेवटी एकानं हाक दिली, "वकीलसाहेब, रेडिओ बिघडला का?"

नणंदेची अजून एक ओवी बाकी होती.

"हाव," मामाजी पाटावरूनच म्हणाले, "बिघडला. तुमी चहा घ्या."