हातभर चुनखडी

मोरगावच्या खालच्या अंगाला म्हाळसाचं आणि तिच्या धाकट्या दिराचं, महिपतीचं, एकमेकाला लागून वावर. मधे एक बांध. साल असेल ब्याण्णव-त्र्याण्णव. नवरा जाऊन लई दिवस झालेले. नांगर सोडला तर म्हाळसा सगळं स्वतः करायची, आणि नांगरणाऱ्यालाही नीट धर म्हणून दरडावायची.

महिपतीनं दोन्ही वावरांचा शब्द एका भट्टीवाल्याला देऊन टाकला. भट्टीवाल्याला रानातली चुनखडी उकरून चुना भाजायचा होता. महिपतीला वाटलं, खाण म्हणजे विहिरीगत. एका कोपऱ्यात खड्डा पडंल, बाकी रान जागच्या जागी. म्हाळसानं तिथल्याच विहिरीच्या खोदाईला पाट्या वाहिलेल्या, तिला थर ठाऊक. वर वीतभर माती, खाली हातभर चुनखडी, मग नुसता मुरूम.

"आरं म्हैपती, भाकरीवानी पसरलीया ती," ती म्हणाली. "खोल असती तर दिला असता की कोपरा. ही कोपरा खाऊन म्होरं सरकंल, आन् सगळं रान सोलून निघंल."

भट्टीवाल्याला तर असली पसरटच पाहिजे होती. सुरुंगाची कटकट नाही, मोठ्या यंत्राचा खर्च नाही. माती बाजूला सारायची, चुनखडी भरायची, पुढं सरकायचं.

बाप्यांच्या बोलीत बाईनं पडू नये, असं महिपतीनं ऐकवलं. म्हाळसा तडक माहेरी गेली, भावाची मेंढरं घेऊन आली आणि आपल्या वावरात बसवली. खताला बसवलेली मेंढरं मालकिणीनं उठवल्याबिगर त्या रानात कुणी अवजार घालत नाही, ही धनगरांतली रीत, आणि गाव ती पाळतं. भट्टीवाल्याचा ट्रॅक्टर आला आणि मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळीपाशी थांबला.

"वयनी, कवा उठणार ही?" महिपतीनं विचारलं.

"पेरणीच्या तोंडावर. मग पेरणार. मग राखणीला मी हायच."

भट्टीवाल्यानं गोडीत समजावलं, की माती वीतभरच तर आहे.

"त्या वीतभरातच माजी जवारी येती. ती सोलून नेल्यावर मुरमात काय तुमची भट्टी पेरू?"

ड्रायव्हर हसला तसं महिपतीला रान सोलणं म्हणजे काय ते उमगलं. पण चारचौघांत दिलेला शब्द फिरवायचा कसा? ट्रॅक्टर त्याच्या वावरात वळला, तो बांधापर्यंत सगळं खरवडूनच बाहेर पडला.

आता महिपतीचं रान दीड हात खाली, उघडा मुरूम. पावसात म्हाळसाची माती तिकडं घसरू बघते. ती बांधाच्या कडेला दगड रचत बसते, शिव्या देत. एमआयडीसीतल्या कामावरनं मोटरसायकलवर येणारा महिपती परवा थांबला, म्हणाला, "वयनी, वय झालं. आता तरी घरी बसा."

"बसते की. तुज्या मुरमाला फुकट माती पायजे व्हय रं?" म्हाळसा म्हणाली आणि पुढचा दगड उचलला.