रोझीबाईंची ताटली आणि आमची टॉफी

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात एक ताटली भरली गेली आणि ती पुन्हा रिकामी करता आली नाही. घटनेत गंभीर जखमी कुणी नाही. (अंगठ्याचा उल्लेख पुढे येईल.)

आधी पार्श्वभूमी. शेजारच्या रोझीबाईंकडून दर नाताळला आमच्याकडे फराळाची ताटली येते. नेवऱ्या, कलकलं, दोदोल, वर विणलेला रुमाल. ताटली पांढरी, काठाला निळी रेघ. त्यांचे यजमान आंतोन बोटीवर होते. ही खास चिनी मातीची ताटली आपण जपानहून आणली, असं ते दर वर्षी सांगत आणि आम्ही ती दर वर्षी दोन्ही हातांनी घेत असू. (धुताना फार हलकी लागते, असं माझी बायको शैला एकदा म्हणाली होती. जपानी माल हलकाच असतो, असा खुलासा मी केला होता.)

आलेली ताटली रिकामी परत द्यायची नाही, ही इकडची रीत. गेल्या नाताळची ताटली ‘काहीतरी करून भरून देऊ’ म्हणता म्हणता आमच्याकडेच राहिली. मग पावसाळ्यात आंतोन गेले.

दुखवट्याच्या वर्षी घरात गोड करत नाहीत. त्यामुळे गाणी म्हणत दारोदार फिरणारी चर्चची मुलं यंदा आपल्या दाराशी नकोत, असं रोझीबाईंनी ठरवलं होतं.

“बाहेरचा दिवाच लावणार नाही,” त्या शैलाला म्हणाल्या. “पोरांच्या हातावर ठेवायला काही नाही, तर दार कशाला उघडू?”

“दिवा लाव गो बाय,” शैला म्हणाली. “खाऊ माझा. तुझ्याच ताटलीतून देऊ.”

शब्द दिला गेला. आता पदार्थ हवा होता, तोही सोपा. सावर्ड्याला शैलाची थोरली बहीण, कुसुमअक्का, नारळाच्या दुधाची आणि गुळाची टॉफी करते. ती खाऊन कुणी नावं ठेवल्याचं ऐकिवात नाही. शैलाचे हात नारळात गुंतलेले, म्हणून अक्काला फोन मी लावला. चूक इथे झाली.

माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या कचेरीत इतरांचा मजकूर कापण्यात गेली. बातमी शेवटून कापतात, कारण महत्त्वाचं ते वर असतं. अक्का तशी बोलत नाही, हे मी लक्षात घेतलं नाही.

“भावोजी, दूध पहिलंच घ्या, दाट. यंदा आमच्याकडे नारळ कसले राहतायत, माकडांनी पार वाट लावली.”

“दूध दाट,” मी शैलाला सांगितलं.

“त्यात गूळ. आच मंद. हात थांबवायचा नाही. माझा तर खांदाच धरलाय. डॉक्टर म्हणतो, ढवळणं बंद करा. मी म्हटलं, तू ये ढवळायला.”

“गूळ. मंद. ढवळत राहा.”

“एवढंच? केवढी बोलतेय ती,” शैला म्हणाली.

“बाकी खांदा आहे.”

“थेंब गार पाण्यात टाकून बघा,” अक्का सांगत होती. “वाटीत टण्ण वाजला की उतरवा. आणि ऐका, आमच्या शेजारची सुमी नाही का, तिच्या लग्नात काय झालं…”

मुख्य मुद्दे हाती आले होते. मी आभार मानून फोन ठेवला.

“झालं सांगून तिचं?”

“झालं. पुढे लग्न आहे.”

थेंब टण्ण वाजला. शैलाने पातेलं उचललं आणि थांबली. “अहो, ताटलीला तूप लावू?”

“अक्काने तुपाचा उल्लेख केलेला नाही,” मी म्हणालो.

तिने ओतलं. टॉफी सुरेख पसरली, चकाकली आणि ताटलीशी कायमची एकरूप झाली. सुरी चालेना. मी जोर लावला, सुरी निसटली. (अंगठ्याचा उल्लेख इथे.) उलथनं वाकलं. ताटली उलटी धरून हलवली, तर टॉफीने दखलही घेतली नाही. मी बत्ता उचलला.

“खाली ठेवा तो आधी,” शैला म्हणाली. “आंतोनभाऊंची आठवण आहे ती. तडा गेला तर तिला तोंड कसं दाखवू?”

गरम पाण्यावर धरावी, तर चिनी माती तडकेल. थंडीने सुटेल, असं मी सुचवलं. फ्रीझरमध्ये मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून आणलेली सुरमई होती. ती बाहेर आली, ताटली आत गेली. बऱ्याच वेळाने काढली तेव्हा टॉफी आणखी कडक झाली होती आणि तिला सुरमईचा वास येत होता.

शेवटी शैलाने स्वतः अक्काला फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

“तूप लावलं होतंस ना गो? तेच तर सांगत होते भावोजींना. सुमीच्या लग्नात आचाऱ्याने ताटांना तूप लावलं नाही, आणि वड्या ताटासकट पंगतीत फिरवाव्या लागल्या. भावोजींनी मध्येच फोन ठेवला. घाईत होते का?”

शैला माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याचा तपशील देत नाही.

संध्याकाळ झाली. गल्लीच्या टोकाला गिटार ऐकू येऊ लागली. रोझीबाईंच्या दारातला दिवा लागला होता. आम्ही ताटली रुमालाखाली झाकून निघालो. निघताना बत्ता पुन्हा माझ्या हातात आला होता.

“रोझीबाई,” मी म्हणालो, “एक घटना घडली आहे.”

त्यांनी रुमाल उचलला. टॉफीवर नखाने टकटक केली. वास घेतला. मुलं फाटकाशी येऊन गाऊ लागली होती. रोझीबाईंनी माझ्या हातातला बत्ता घेतला.

“बाय, थांब, आंतोनभाऊंची…” शैला पुढे झाली.

बत्ता बसला! टॉफीचे तुकडे ओटीभर उडाले. ताटली होती तशीच. रोझीबाईंनी आणखी एक घाव घातला. त्याची गरज नव्हती.

“प्लास्टिकची आहे ती, भाऊ,” त्या म्हणाल्या. “बोटीवरची. वादळात टेबलावरून पडली तरी फुटू नये म्हणून तसल्याच ठेवतात. जपान कसलं? नोकरी सोडताना पिशवीत घालून आणली.”

“आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?” शैला म्हणाली.

“तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात ना,” रोझीबाई म्हणाल्या. “त्याला ते बघायला फार आवडायचं.”

आणि त्या हसायला लागल्या. पावसाळ्यानंतर त्यांचं हसू आम्ही प्रथमच ऐकत होतो. शैला ओटीवरच बसली, हसत की रडत ते सांगता येणार नाही. मुलांनी तुकडे वेचले, खिसे भरले आणि आणखी एक गाणं म्हटलं. वासाबद्दल तक्रार आली नाही. मुलं मिरकरवाड्याची होती.

ताटली आम्ही त्यांच्याकडेच ठेवली. तिच्या काठाला एक तुकडा अजून चिकटलेला आहे, म्हणजे रीत मोडलेली नाही.

हा मजकूर जागेअभावी कापावा लागलाच, तर कृपया वरून कापावा. महत्त्वाचं ते खाली आहे: ओतण्याआधी ताटलीला तूप लावावं.